हजेरी

आमच्या गिरणीच्या दारात भिंतीला एक यंत्र होतं. पाळीला जाताना त्यावर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला तर तू आहेस. तांबडा लागला तर तू नाहीस. समोर उभा आहेस, हातात भाकरीचा डबा आहे, पण नाहीस.

रिंग खात्यात तुटलेलं सूत सांधून सांधून माझ्या अंगठ्याच्या रेघा झिजल्यात. मागल्या उन्हाळ्यात तीनदा तांबडा दिवा लागला. तीन रातपाळ्या उभ्यानं काढल्या आणि पगारात तीन खाडे निघाले. जॉबरला म्हटलं, 'तुम्ही मला रात्रभर बघितलंय की.' तो म्हणाला, 'मी बघून काय उपयोग? मशीननं बघाय पायजे.' म्हटलं, मग हजेरीचा कागद तरी दाखवा. तर म्हणाला, 'ते हाफिसचं असतंय. तुला बघाय मिळत न्हाई.'

आता अंगठ्याचं यंत्र गेलं. तोंड बघणारा कॅमेरा आला. कागद अजून बघायला मिळत नाही.

ही गोष्ट मी आमच्या सोलापुरातल्या सेटलमेंटजवळच्या एका आजीला सांगितली. माझ्या जोडीदाराची आजी. जातीनं कैकाडी. वय पंच्याऐंशीच्या पुढं. ती हसली. म्हणाली, 'पोरा, तुझा अंगठा आता घ्याय लागले. माझ्या बाचा तारंच्या आत घेत व्हते.'

तारेच्या आत म्हणजे सेटलमेंट. इंग्रजानं १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ ला तो देशभर लागू करायची वाट काढली, १९२४ ला आणखी आवळला. चोरी केली म्हणून नाही, जन्मला म्हणून गुन्हेगार. आईच्या पोटातनं बाहेर पडलेलं पोर सरकारच्या वहीत. सोलापुरात काटेरी तारेच्या आत माणसं ठेवली आणि त्यांनाच गिरणीत कामाला लावलं. म्हणजे माझ्या आधी सूत सांधणारे हात हेच. आजी सांगते, बाप गिरणीतनं आला की आधी हजेरी, मग भाकर. गावाला जायचं तर पास. पास चुकला तर तुरुंग.

बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं दफ्तर १८९७ ला कलकत्त्यात निघालं. लंडनमध्ये नंतर. आधी आमच्या देशाच्या बोटांवर शाई लावून बघितली.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. तार निघाली. पण १९५९ ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि वही राहिली. मी आजीला विचारलं, 'तुमच्यातल्या कुणी कधी म्हटलं नाही का, साहेब, तुमची वही दाखवा?' ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, 'हजेरी देनारा वही मागतो व्हय रं?'

मित्रहो, मागतो. मागितलीय.

राजस्थानात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुरांना पुरी मजुरी मिळायची नाही. बाया म्हणाल्या, आमचा हजेरीपट दाखवा. अधिकारी म्हणाले, ते सरकारी गुपित. मजूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात जनसुनावणी घेतली आणि कागद गावापुढं वाचले. न झालेली कामं, खोटी नावं, खोटे अंगठे बाहेर पडले. १९९६ ला ब्यावर शहरात ४० दिवस धरणं धरलं. त्यातनं पुढं २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आला. तो वकिलांनी दिला असं कुणी म्हणालं तर मानू नका. तो हजेरीपटातनं आला. हजेरी देणाऱ्यानं हजेरी घेणाऱ्याची हजेरी घेतली, एवढाच त्याचा अर्थ. लोकशाही म्हणजे तरी दुसरं काय?

आता उलटं चाक कसं फिरतंय ते बघा.

फोन ऐकायचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्यानं होता. १९९६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, असं मनाला येईल तसं ऐकता येणार नाही, गृहसचिवाचा लेखी हुकूम पाहिजे, वर तपासणी समिती पाहिजे. पण हुकूम देणारा सचिव आणि तपासणारेही सचिव. न्यायाधीश कुठंच नाही. केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार फोन ऐकायचे हुकूम काढतं, असं माहिती अधिकारात बाहेर आलं होतं. समिती दोन महिन्यांतनं एकदा बसणार. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ ला हिशेब मांडला : एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार हुकूम तपासायचे. आमच्याकडं सुताच्या कोपीसुद्धा इतक्या वेगानं कुणी तपासत नाही. २०२३ ला नवा दूरसंचार कायदा आला. समिती सचिवांचीच राहिली.

२०२१ च्या जुलैत पेगॅससचं प्रकरण निघालं. फोनमध्ये शिरून सगळं वाचणारं, ऐकणारं हे हत्यार इस्रायलची कंपनी बनवते आणि म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. सुप्रीम कोर्टानं सरकारला विचारलं, वापरलं का? सरकारनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. देशाची सुरक्षा म्हणालं. कोर्टानं समिती नेमली. २९ फोन तपासले. ५ फोनांत घातक काहीतरी सापडलं, ते पेगॅससच असं ठरवता आलं नाही. आणि २५ ऑगस्ट २०२२ ला कोर्टात सांगितलं गेलं की सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही. माझा अंगठा उमटला नाही तर खाडा. सरकारनं कोर्टाला उत्तर दिलं नाही तर त्याचा खाडा कोण मांडणार?

२०२३ लाच आणखी एक कायदा आला, लोकांची खाजगी माहिती जपायचा. नाव चांगलं. आत बघा. सरकार आपल्या कुठल्याही खात्याला त्यातनं सूट देऊ शकतं. आणि त्याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या आठव्या कलमाला कात्री लावली. नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. आधी सार्वजनिक कामाशी संबंध दाखवला की नावं-गावं मिळायची. आता 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की अधिकारी दार लावू शकतो. कलमाच्या शेवटी लोकहिताची एक फट उरलीय, तिच्यातनं मान घालायची. हजेरीपटावरची नावंही वैयक्तिकच की! माझं खाजगीपण सरकारपासून वाचवायचं सोडून सरकारचं माझ्यापासून वाचवलं.

बाबासाहेबांना हे दिसत होतं. मार्च १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्क म्हणून लिहिलं होतं की माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं यांची विनाकारण झडती घेता येणार नाही. घटनेत ते कलम आलं नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं २४ ऑगस्ट २०१७ ला. मधे सत्तर वर्षं.

आता माझी गोष्ट. ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आमच्या वस्तीतली गटार कागदावर झाली आहे. जमिनीवर नाही. पोरं त्याच घाणीतनं शाळेत जातात. जोडीदार आणि मी अर्ज करायचं ठरवलं, कामाचं बिल आणि मजुरांचा हजेरीपट मागायचा. वस्तीत बैठक झाली. चौथ्या दिवशी साध्या कपड्यातला एक जण चहाच्या गाड्यावर आला. त्यानं मोबाईलवर आमचाच बैठकीतला फोटो दाखवला. 'कविता पण करतोस म्हणं?' एवढंच बोलला आणि चहाचे पैसे देऊन गेला. मारलं नाही, शिवी दिली नाही.

जोडीदारानं त्या रात्री अर्ज फाडला. 'आरं, माझ्या घरावर आधीच शिक्का हाय. सोड.' मी त्याला भेकड म्हणालो. घरी आलो आणि मोबाईलमधल्या माझ्या दोन कविता पुसून टाकल्या. कुणी पुस म्हणालं नव्हतं. तो ठाण्यातला होता, कंत्राटदाराचा होता, की कुणाचाच नव्हता, हे मला आजही माहीत नाही. आणि माहीत नसणं हीच त्यातली मेख आहे. बघणारा दिसत नाही तेव्हा माणूस स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो. फुकट. बिनपगारी.

लोक म्हणतात, लपवण्यासारखं काही नाही तर घाबरतोस कशाला? माझ्याकडं खरंच काही नाही. लपवलेलं आहे ते गटारीच्या बिलात. पण कॅमेरा माझ्याकडं तोंड करून आहे.

आजीला हेही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'तुझं नाव तर त्यांच्याकडं हायच. आता आनि काय घेनार?'

खरं आहे. अंगठा त्यांच्याकडं, तोंड त्यांच्याकडं, नाव त्यांच्याकडं. मग अर्जावरच नाव लिहायला कसली भीती? मी अर्ज परत लिहिला. एकट्याच्या नावानं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. पोच घेतली. पुसलेल्या कवितांतली एक आठवून वहीत लिहिली, दुसरी आठवत नाही.

तीस दिवसांत उत्तर द्यायचं, असं कायदा म्हणतो. आज अकरावा दिवस आहे. मी रोज मोजतो. त्यांची हजेरी आता माझ्याकडं आहे.