कापलेला एक गुण

आठवीच्या चाचणीत मी एक साधा प्रश्न घातला होता. ‘धातूंची ऑक्साइडे विजेची दुर्वाहक असतात. चूक की बरोबर?’ एका मुलीने ‘चूक’ लिहिलं आणि कंसात ‘सगळी नसतील’. मी गुण कापला. तिला विचारलं तर म्हणाली, “मॅडम, धातूच आहे ना त्यात, कशातून तरी जात असेल की!” वर्ग हसला. मीही हसले.

घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. शोधायला बसले आणि स्ट्रॉन्शियम रुथेनेट सापडलं. स्ट्रॉन्शियम, रुथेनियम आणि ऑक्सिजन, म्हणजे सरळ सरळ ऑक्साइडच. आणि वीज नेतं धातूसारखी!

याची रचना पेरोव्हस्काइट प्रकारची. १८३९ साली उरल पर्वतातल्या एका खनिजाला हे नाव मिळालं, तशी रचना असलेल्या सगळ्याच पदार्थांना ते पुढे चिकटलं. एक चौकोनी पेटी डोळ्यांसमोर आणा. आठ कोपऱ्यांवर एक धातू, मधोमध दुसरा आणि त्या मधल्याभोवती सहा ऑक्सिजन. खरी गंमत मधल्या अणूची आहे. तिथे टायटॅनियम असेल, तर त्याच्याकडे फिरायला मोकळे इलेक्ट्रॉन उरतच नाहीत, पदार्थ दुर्वाहक. तिथेच रुथेनियम बसवा, त्याच्याकडे चार शिल्लक असतात. ते ऑक्सिजनवरून पुढच्या पेटीत सरकतात. पेटी तीच, फक्त आतला पाहुणा बदलला.

अर्थात हा काही तांब्याच्या तोडीचा धातू नाही. रोधकता तांब्याच्या शंभरपटीच्या आसपास. त्यात आणखी विचित्र गोष्ट म्हणजे तापवल्यावर काय होतं ती. धातू तापला की रोध वाढतो, हे आपण शिकवतोच. पण इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रत्येक अणूपाशी धडकू लागला, की ही वाढ मंदावायला हवी, कारण त्याहून जास्त धडकणार तरी कुठे? इथे तसं होत नाही. पार ७०० अंश सेल्सिअसपर्यंत रोध वाढतच राहतो. अशा पदार्थांना शास्त्रज्ञ चक्क ‘बॅड मेटल’ म्हणतात!

उष्णतेचंही तसंच. जो धातू विजेचा चांगला वाहक, तो उष्णतेचाही, हा संबंध विडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये मांडला, कारण दोन्ही ओझी वाहणारे हमाल एकच, इलेक्ट्रॉन. अशा ऑक्साइडमध्ये मात्र इलेक्ट्रॉन अडखळत चालतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याची उष्णता कमी. अणूंच्या थरथरण्यातून जाणाऱ्या उष्णतेचा वाटा मग दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुण परत दिला. गुणपत्रकात खाडाखोड, म्हणजे मुख्याध्यापकांची सही आली. त्यांनी कारण विचारलं. मी “स्ट्रॉन्शियम रुथेनेट” म्हणाले. सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली.

त्या मुलीला फळ्यावर पेटी काढून दाखवली. तिने गुणाचं काही विचारलंच नाही. म्हणाली, “मॅडम, मग कोपऱ्यातला बदलला तर?”