अंबुधींचे नगर: बंगळूरच्या तळ्याकाठच्या पाऊलवाटा

बंदराच्या नगरात फिरायला निघालेल्या माणसाला वाट विचारावी लागत नाही. मुंबई असो, पणजी असो की विशाखापट्टण, पावले आपोआप पाण्याकडे वळतात आणि समुद्राची एक रेघ दिसली की दिशा कळते. बंगळूरला ही सोय नाही. हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच पठारावर वसले आहे. त्याला समुद्र नाही, आणि नाव घ्यावे अशी मोठी नदीही त्याच्या वेशीवरून वाहत नाही. तरीही या नगराच्या जुन्या नकाशावर दोन 'समुद्र' आढळतात: एक केंपांबुधि आणि दुसरा धर्मांबुधि. अंबुधि म्हणजे सागर. ज्यांना सागर लाभला नाही, त्यांनी बांध घालून तळी केली आणि त्यांनाच सागर म्हटले!

या नावात केवळ हौस नव्हती. नगराच्या मध्यातून उत्तर-दक्षिण असा उंचवटा गेला आहे. त्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वृषभावती आणि अर्कावती या नद्यांतून कावेरीला मिळतो, तर पूर्वेला पडलेला पाऊस दक्षिण पिनाकिनीत जातो. दोन्ही वाटा अखेरीस बंगालच्या उपसागरालाच पोचतात. पण माणसांची आणि पिकांची तहान भागवण्यासाठी पाण्याला वाटेत थांबवणे आवश्यक होते. म्हणून प्रत्येक खोलगटीत एकाखाली एक अशी तळी बांधली गेली. वरचे तळे भरले की सांडव्यावरून वाहणारे पाणी कालव्याने खालच्या तळ्यात उतरे. तळ्याला कानडीत 'केरे' म्हणतात आणि या मोठ्या कालव्यांना 'राजकालुवे'. शेताला पाणी सोडण्याचे काम गावचा 'नीरगंटी' करी. आपल्याकडच्या पाटकऱ्याचाच तो भाऊबंद. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढून शेतकरी तो शेतात पसरीत.

ही सारी रचना पुस्तकापेक्षा पायांनी चांगली समजते. बंगळूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या किंवा सुट्टीत आप्तांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एकेका दिवसात पुऱ्या होतील अशा काही पाऊलवाटा येथे सांगत आहोत.

लालबाग ते केंपांबुधि

पहिली वाट लालबागेतून सुरू करावी. १७६० मध्ये हैदरअलीने ही बाग लावण्यास प्रारंभ केला आणि टिपूने ती वाढवली. आज तिचा विस्तार सुमारे २४० एकर आहे. १८८९ मध्ये पायाभरणी झालेल्या काचगृहाभोवती प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा गर्दी फार असते. वृक्ष पाहायचे असतील तर इतर दिवशी सकाळी लवकर जावे.

बागेतील सर्वांत वृद्ध रहिवासी मात्र वृक्ष नसून एक खडक आहे. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानले जाते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान दिला आहे. मुले त्यावर धावत चढतात, आजोबा सावकाश चढतात. पण चढायला कोणालाच कठीण नाही. माथ्यावर एक छोटा बुरूज आहे. १५३७ मध्ये नगराचा मातीचा कोट उभारणाऱ्या केंपेगौडांच्या नावाने असे चार बुरूज ओळखले जातात. उरलेले तीन केंपांबुधि तळ्याजवळ, हलसूर तळ्याजवळ आणि मेखरी सर्कलपाशी आहेत. एके काळी हे बुरूज नगराबाहेर होते. आज या खडकावरून चहूकडे नजर टाकली तरी नगराची सीमा दिसत नाही.

बागेच्या पश्चिम दरवाजाने बाहेर पडून बसवनगुडीच्या रस्त्याला लागावे. वाटेत गांधी बाजार येतो. शेवंती, अबोली आणि मोगऱ्याच्या गजऱ्यांचे ढीग पाहून घरातील स्त्रिया येथे थोडा वेळ थांबणारच. भूक लागली असेल तर १९४३ पासून चालत आलेले 'विद्यार्थी भवन' हे उपाहारगृह जवळच आहे. पुढे ब्यूगल रॉक नावाचा खडकाळ बगीचा आणि त्याला लागून महानंदीचे देवालय लागते. एकाच शिळेतून घडवलेला हा नंदी सुमारे पंधरा फूट उंच आहे. वृषभावती नदी याच नंदीच्या पायाशी उगम पावते अशी लोकांची श्रद्धा आहे. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी येथे शेंगांची जत्रा भरते. भुईमुगाची शेते फस्त करणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी देऊळ बांधले, अशी तिची कथा सांगतात.

तेथून गवीपुरम् फार दूर नाही. 'गवी' म्हणजे गुहा. या गुहेतील गंगाधरेश्वराच्या पिंडीवर मकरसंक्रांतीच्या सायंकाळी नंदीच्या शिंगांमधून सूर्यकिरण येऊन पडतात, आणि तो क्षण पाहण्यासाठी हजारो लोक जमतात. मराठी वाचकांना आणखी एक गोष्ट ऐकून कौतुक वाटेल. तमिळ चित्रपटसृष्टीचे रजनीकांत, मूळचे शिवाजीराव गायकवाड, १९५० मध्ये बंगळूरमधील एका मराठी कुटुंबात जन्मले आणि याच गवीपुरम् भागातील सरकारी कानडी शाळेत शिकले.

येथून थोडे खाली उतरले की केंपांबुधि तळे येते. लालबागेपासून येथवरचे अंतर चार-पाच किलोमीटर भरते. संध्याकाळी या 'सागरा'च्या काठी टेकावे. पाण्याचा रंग दरवेळी मनाजोगा असेलच असे नाही. पण केंपेगौडांच्या काळातील हे पाणी अजून जागेवर आहे, हीच मोठी गोष्ट आहे.

मल्लेश्वरम् आणि सँकी तळे

दुसरी वाट मराठी माणसाला विशेष जिव्हाळ्याची वाटावी. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला. बालशिवाजी जिजाबाईंसह १६४० च्या सुमारास येथे येऊन राहिले होते. जयराम पिंड्ये या कवीचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य शहाजीराजांच्या याच दरबारातले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ते पुढे संपादून प्रसिद्ध केले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे राजांचा अंत झाल्यावर येथील कारभार व्यंकोजीराजांकडे आला. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने नगर घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. अशा रीतीने जवळजवळ पन्नास वर्षांचा मराठी अंमल संपला.

त्या अंमलाची खूण मल्लेश्वरम् या उपनगरात आहे. संपिगे रस्त्याने, म्हणजे चाफ्याच्या रस्त्याने, चालत जावे. येथील काडु मल्लेश्वराच्या देवालयाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव व्यंकोजीराजांनी इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. कानडीत 'काडु' म्हणजे रान. रानातल्या या मल्लेश्वराभोवती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखीव उपनगर वसले आणि देवाचेच नाव त्याला मिळाले. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने देवळाच्या आवारात उभे राहावे आणि तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी येथे आपली भाषा बोलणाऱ्यांची वर्दळ होती हे मनात आणावे. त्या वर्दळीची कोणतीही भिंत आज उभी नाही. देवाला दिलेल्या दानाचा दगड तेवढा राहिला.

देवळासमोरच नंदीतीर्थ आहे. नंदीच्या मुखातून पाणी खालच्या पिंडीवर पडते आणि तेथून कुंडात उतरते. हे तीर्थ कित्येक वर्षे मातीखाली गाडले गेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती जागा खणताना ते पुन्हा उजेडात आले, आणि पाणी वाहतच होते!

तेथून सँकी तळ्यापर्यंत पायी जाता येते. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळानंतर, १८८२ मध्ये रिचर्ड सँकी या लष्करी अभियंत्याने ते बांधले. काठाने फरसबंद वाट आहे, मोठ्या झाडांची सावली आहे, आणि लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर याहून सोयीची जागा नगरात क्वचितच मिळेल.

बुजलेल्या तळ्यांवरून

तिसऱ्या वाटेवर पाणी जवळजवळ कोठेच दिसत नाही, पण ती वाट अवश्य चालावी. तिची सुरुवात मॅजेस्टिक या गजबजलेल्या बसस्थानकापासून होते. ज्या भूमीवर आज बसगाड्या उभ्या राहतात, तो धर्मांबुधि तळ्याचा तळ आहे. तेथून चिक्कपेठेच्या अरुंद गल्ल्यांतून, रेशमी वस्त्रांची दुकाने पाहत, नगरथपेठेतील धर्मरायाच्या देवळाशी यावे. चैत्री पौर्णिमेच्या रात्री येथून द्रौपदीचा 'करग' निघतो. हा उत्सव तिगळ समाजाचा आहे. हे लोक परंपरेने मळेवाले आणि माळी, तळ्याच्या पाण्यावर भाजीपाला आणि फुले पिकवणारे. करगाची मिरवणूक वाटेत हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात थांबते आणि मग पुढे जाते.

या उत्सवाशी संपंगी तळ्याचाही संबंध आहे. ते तळे आता नाही. त्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे आहे. करगाच्या विधीसाठी पाण्याचा एक छोटासा चौकोन मात्र क्रीडांगणाशेजारी राखून ठेवला आहे. मोठे वतन गेल्यावर घराण्याकडे देवघराची एवढी कोपऱ्यातली जागा राहावी, तशी ही गोष्ट आहे. नगरातील फुटबॉल आणि हॉकीची मैदानेही अशाच जुन्या तळ्यांवर आहेत.

मुंबईकर वाचकांना हे अपरिचित वाटणार नाही. धोबी तलावात आज पाण्याचा थेंब नाही, आणि गवालिया तलावाचे ऑगस्ट क्रांती मैदान झाले. पुण्याची सारसबाग पर्वतीच्या तळ्यातच वसली आहे. नगरे वाढतात तेव्हा सपाट मोकळ्या जागेवर साऱ्यांचा डोळा असतो, आणि नळाचे पाणी आले की तळ्याची आठवण कोणाला राहते? बंगळूरला १८९० च्या दशकात हेसरघट्टहून, १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीहून आणि १९७४ पासून कावेरीहून पाणी येऊ लागले. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर दुरून आणि जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणावे लागते. दरम्यान तळी बुजत गेली आणि उरलेल्यांत सांडपाणी शिरले. बेळ्ळंदूर या मोठ्या तळ्यावर फेसाचे डोंगर साचले, आणि २०१७ व २०१८ मध्ये तर तेथे आग लागली. २०२३ चा पाऊस उणा पडला, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात नगरातील हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या आणि टँकरपुढे रांगा लागल्या. बुजलेल्या तळ्यांचे मोल त्या रांगेत उभ्या असलेल्या गृहिणींना कोणी वेगळे सांगायला नको होते.

जक्कूर आणि नंदीदुर्ग

नगराच्या उत्तरेकडील जक्कूर तळ्याची वाट मनाला उभारी देणारी आहे. येथे सांडपाणी आधी प्रकल्पात शुद्ध होते. मग पाणकणसांनी भरलेल्या पाणथळ जागेतून ते हळूहळू झिरपत तळ्यात येते. पहाटे काठाने फेरी मारली तर जाळी टाकणारे कोळी, बगळे, पाणकावळे आणि झोळीसारख्या चोचीचे पेलिकन दिसतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला कैकोंड्रहळ्ळी तळ्याचे पुनरुज्जीवन आसपासच्या रहिवाशांनी महापालिकेच्या साह्याने केले. गेलेले तळे परत आणणे अवघड, पण आजारी तळे बरे करता येते, हे या दोन ठिकाणी प्रत्यक्ष पाहता येते.

शेवटची वाट नगराबाहेर, सुमारे साठ किलोमीटरवरच्या नंदीदुर्गाची. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे नवव्या शतकापासूनचे भव्य देवालय आणि पायऱ्यापायऱ्यांचे सुंदर कुंड आहे. गडावर गाडीरस्ता जातो, पण धडधाकट माणसांनी सतराशेहून अधिक पायऱ्यांची जुनी वाट धरावी. ती खुली आहे की नाही याची आधी चौकशी करावी. माथ्याची उंची १४७८ मीटर आहे. टिपूचे उन्हाळी निवासस्थान आणि अमृतसरोवर तेथे पाहायला मिळते. पहाटे ढग पायांखाली असतात. ते विरले की चहूकडे लहानमोठ्या तळ्यांचे आरसे चमकू लागतात. अर्कावती याच डोंगरात उगम पावते, आणि हेसरघट्ट व तिप्पगोंडनहळ्ळी येथे अडवलेले पाणी तिचेच.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या सहलींना उत्तम. एका दिवशी एकच वाट घ्यावी. बरोबर दशम्या, चटणी आणि घरचे पाणी असावे. काठावर कागद किंवा पिशव्या टाकू नयेत. मुलांना एक खेळ शिकवावा: प्रत्येक तळ्यापाशी त्यांनी वरचे तळे कोणते आणि खालचे कोणते हे शोधून काढावे. अडले तर एखाद्या वृद्ध गृहस्थाला नमस्कार करून "केरे एल्लिदे?", म्हणजे तळे कोठे आहे, असे विचारावे. बहुधा तो पत्ता सांगून थांबणार नाही. आपल्या लहानपणी पाणी कोठवर येत असे, तेही दाखवील. घरी परतल्यावर मुलांनी रंकाळ्याबद्दल, मासुंद्याबद्दल किंवा आपल्या गावच्या तळ्याबद्दल हाच प्रश्न केला, तर त्यांच्याबरोबर तेथेही एक फेरी मारून यावी.