कंबरेची गोळी सोडताना : ताण हळूहळूच द्या

आजची नोंद पिकाची नाही, पिकवणाऱ्याच्या कंबरेची आहे.

पाठीवरचा पंप, ट्रॅक्टरचे हादरे, संत्र्याच्या क्रेट उचलणं. चाळिशीनंतर कंबर धड असलेला शेतकरी आपल्याकडे विरळाच. माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहून दिली. दुखणं लांबलं तशी गोळीही लांबली. आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता बंद करू, पण एकदम नाही."

ट्रामाडॉल अफूसारखं काम करते, म्हणून 2018 पासून ती एनडीपीएस कायद्यात आहे. रोज घेतली की शरीराला तिची सवय लागते, डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेतली तरी लागते. हा मनाचा कमकुवतपणा नाही राजेहो.

गोळी एकदम तुटली तर 12 ते 24 तासांत सुरू होतं : जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पाय ओढल्यासारखे, झोप गायब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर असतो, मग आठवडाभरात बरंचसं उतरतं. ट्रामाडॉलमध्ये जीव घाबरणं, अंगात करंट गेल्यासारखं होणं हेही दिसतं.

आमच्या गावात एका भावाला मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळी द्यायचं बंद केलं. ऐन कपाशीच्या फवारणीत. दोन दिवसांत जुलाब, घाम, डोळ्यांत पाणी. घरच्यांना वाटलं, फवारणी लागली. 2017 साली यवतमाळात काय झालं ते आपण विसरलो नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, गोळी तुटल्यावर मोठ्या होतात. हे घरी ओळखत बसू नका. फवारणी केली असेल तर आधी दवाखाना गाठा, आणि कोणती गोळी चालू होती ते न लाजता सांगा. त्याच्या बायकोने रिकामं पाकीट सोबत नेलं होतं, तेच कामी आलं.

आता कमी कशी करायची? आंबिया बहाराचा ताण आठवा. आपण पाणी हळूहळू कमी करतो, एकदम तोडलं तर झाड वाळायला लागतं. गोळीचंही तसंच. वर्षभराहून जास्त घेतली असेल तर साधारण महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून हळू, कमी काळ घेतली असेल तर थोडं लवकर. तुमचा हिशेब तुमचे डॉक्टरच करतील. त्रास वाढला तर त्याच डोसवर थांबायचं. मला शेवटच्या अर्ध्या गोळीला सगळ्यात जास्त वेळ लागला.

लक्षात ठेवा :

1. 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेली गोळी तोडू-चुरू नका, सगळं औषध एकदम अंगात जातं.
2. जुलाब झाले तर ओआरएस. झोप, मुरडा, बेचैनी यासाठी डॉक्टर औषध देतात. त्यातल्या काहींनी बीपी उतरतो, म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी वापरू नका.
3. दारू किंवा झोपेची गोळी सोबत नको. श्वास मंदावतो.
4. सुटल्यावर दुखलं म्हणून जुना डोस घेऊ नका. ताण तोडताना आपण पहिली आंबवणी हलकीच देतो ना? सवय गेलेल्या शरीराला जुना डोस जीवघेणा ठरू शकतो.
5. फिट आली, श्वास मंद झाला, माणूस उठेना, तर 108.

कंबरेसाठी फिजिओथेरपीचे व्यायाम आणि चालणं मी आजही करतो. दुखणं शून्य झालं नाही, पण डवरणी-निंदणीवर देखरेख करता येते.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. 'मानसोपचार' पाटी पाहून परत फिरू नका, गोळी सोडवायचं काम तिथलेच डॉक्टर करतात. फोनवर बोलायचं असेल तर टेलीमानस 14416, व्यसनमुक्तीसाठी 14446. दोन्ही मोफत.

घरात कोणी सहा महिन्यांपासून कंबरेची गोळी खात असेल, तर आज पाकिटावरचं नाव वाचा. ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल दिसलं तर फेकू नका, लपवूही नका. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा.