चेहऱ्यावर जाऊ नकोस

मये, गुरुवार

प्रिय ताई,

निघताना तू पाया पडलीस आणि बाबा नुसते बघत राहिले. काल फोनवर तू म्हणालीस, ‘त्यांना आता माझं काही वाटतच नाही.’ मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आपण बाबांचा पार्किन्सन्स हातात बघतो. चहा हिंदकळला की कंप वाढला म्हणतो. जेम्स पार्किन्सननंही १८१७ साली मुख्यतः कंपाचं, हालचालींचंच वर्णन केलं, बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात म्हणाला. गोष्ट तेवढी सोपी नाही. मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या काळसर पेशी झिजतात. त्यांच्या लगतच वर वाटाण्याएवढं एक केंद्र आहे. त्याचा एक भाग हालचालींचा, एक विचारांचा, एक भावनांचा. पण मध्ये पक्के बांध नाहीत. आपल्या कुळागरासारखंच ते, एका पोफळीला सोडलेलं पाणी शेजारच्या आळ्यात उतरतंच.

कंप थांबवायला या केंद्रात बारीक तार बसवून वीज सोडतात. तारा बसवलेल्यांना हसरी, भेसूर चित्रं दाखवली, तर तिथल्या विद्युतलहरी बदलताना दिसतात. १९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एक हकीकत छापली. ६५ वर्षांच्या बाईंना पूर्वी कधी नैराश्य नव्हतं. प्रवाह सुरू होताच काही सेकंदांत त्या रडू लागल्या, जगणं नको म्हणाल्या. बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत सावरल्या. आराम देणारी जागा आणि ही खालची, काळसर पेशींतली जागा यांत अंतर होतं २ मिलिमीटर. हालचाल आणि भावना इतक्या शेजारी.

आता चेहऱ्याचं. काल्याच्या खेळात संकासूर आला की आपण बाबांच्या पाठीमागे लपायचो, आठवतं? काळ्या कापडाआड तोंड दिसत नसे, तरी मानेच्या झटक्यावरून, आवाजावरून त्याची थट्टा कळायची. बाबांच्या चेहऱ्याचे स्नायू मंदावलेत, आणि मान, आवाजही. आपण ओळखायचं कशावरून?

शिवाय समोरच्याचा राग, दुःख ओळखणं या आजारात अनेकांना जड जातं. तू गाडीत बसेपर्यंत गप्प होतीस. तुझं ते रुसणं कदाचित त्यांना दिसलंच नसेल. तेव्हा यापुढे तोंडानं बोल, हात हातात घे, प्रश्न विचारलास तर उत्तराला वेळ दे.

सगळा दोष चेहऱ्याचाच, असंही मी म्हणत नाही. नैराश्य आणि कशातच रस न उरणं, हीसुद्धा या आजाराचीच लक्षणं. त्यांवर उपचार असतात. आपण दर खेपेला डॉक्टरांना हाताबद्दल सांगतो. पुढच्या खेपेला मी झोपेबद्दल, मनाबद्दलही बोलणार आहे. तू तिथं पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात एकदा जाऊन ये. घरची माणसंही येतात.

आणि एक राहिलं. तू गेलीस त्या रात्री बाबांनी विचारलं, ‘चोर्ला घाट चढली असेल?’ मग तासाभरानं, ‘बेळगाव आलं?’ पहाटे तीनला मला हाक मारून उठवलं : ‘पावली?’ दिवा लावून बघितलं. चेहरा जसाच्या तसा.

तुझा,
धाकटा