डिकीतली नळी

हायब्रिड गाडीत बॅटऱ्या दोन असतात, इथपासूनच माझा गोंधळ सुरू झाला. बी.कॉम. झाल्यावर मी जालन्यात मामांच्या बॅटरीच्या दुकानात बसायला लागलो होतो. ट्रॅक्टरची कोणती, टेम्पोची कोणती, इन्व्हर्टरची कोणती एवढं जेमतेम ओळखू यायला लागलं होतं. तेवढ्यात एका बियाणेवाल्या शेठची जुनी कॅमरी हायब्रिड टोचन करून आणली गेली. बटण दाबलं तरी गाडी चालू होत नव्हती, आणि गेले काही दिवस डिकी उघडली की सडक्या अंड्यासारखा वास येत होता. मी बॉनेट वर करून बॅटरी शोधू लागलो.

"तिकडं नाही रे, हिची बॅटरी मागं हाये," मामा म्हणाले. "आणि नारंगी वायर दिसली की हात मागं घ्यायचा. ते आपलं काम नाही."

नारंगी वायरी मोठ्या बॅटरीच्या. ती मागच्या सीटमागे बसवलेली असते. निकेल-मेटल हायड्राइडचे ३४ संच, मिळून २४४.८ व्होल्ट. आमच्या दुकानातलं सगळं आयुष्य १२ व्होल्टांत चाललेलं. तो आकडा ऐकून मी खरंच दोन पावलं मागे सरलो. पण गाडी अडली होती ती छोट्या, १२ व्होल्टच्या बॅटरीपायी. गाडीतले संगणक जागे करायचं काम तिचं. ती झोपली की मोठी बॅटरी भरलेली असूनही काही उपयोग नाही. हायब्रिडला वेगळा अल्टरनेटर नसतो, मोठी बॅटरीच छोटीला चार्ज करते, हेही मला त्याच दिवशी कळलं.

ही छोटी बॅटरी डिकीत, एका कोपऱ्यात होती. आधी कुठंतरी बदलून घेतलेली, साधी अ‍ॅसिडची. तिच्या शेजारी एक बारीक रबरी नळी नुसतीच लोंबत होती, कशालाही न जोडलेली. मला वाटलं, पावसाचं पाणी जायची असेल. मामांनी मात्र नळी हातात धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी शेठना पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता: "गाडीत पोरंबाळं बसतात का?"

त्या नळीचं काम असं. शिसं-अ‍ॅसिडची बॅटरी भरत आली की पुढचा करंट पाणी फोडायला लागतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. ट्रॅक्टरला बॅटरी उघड्यावर असते, वायू वाऱ्यावर जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. कॅमरी किंवा प्रियससारख्या गाडीत ती माणसांच्या बरोबरीनं आत बसलेली असते. म्हणून मुळात तिथे एजीएम जातीची बंद बॅटरी देतात, जिच्यात सुटलेला बहुतेक वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतो. तरीही उरलेल्यासाठी बॅटरीला बारीक भोक ठेवतात. त्याला ही नळी जोडायची, नळीचं दुसरं टोक गाडीबाहेर. बॅटरीला दुसऱ्या बाजूला भोक असेल तर त्याला बूच. नळी आणि बूच नीट बसवलं नाही तर हायड्रोजन गाडीच्या आत येऊन पेट घेऊ शकतो, असं कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट बजावलेलं आहे. मी ते पान शेठच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या पुस्तिकेत उभ्यानंच वाचलं, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

वास मात्र हायड्रोजनचा नव्हता. हायड्रोजनला वासच नसतो. बॅटरी तापली, वाजवीपेक्षा जास्त चार्ज झाली, की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास त्याचा. तो स्वतः विषारी, आणि जास्त झाला की नाकच बधिर करतो. म्हणजे वास गेला म्हणून वायू गेला असं नाही. आमच्याकडं लोडशेडिंगमुळं घरोघरी जिन्याखाली इन्व्हर्टर आहे. हा वास मी लहानपणापासून घेत आलोय आणि त्यावर कधी घरात कुणी बोललं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मी हिशेबाचा विद्यार्थी, म्हणून हिशेब मांडून पाहिला. बॅटरी पूर्ण भरल्यावर जास्तीचा एक अँपिअर-तास गेला की एका सेलमधून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन सुटतो. सहा सेल, म्हणजे अडीच लिटर. पाच अँपिअरचा चार्जर भरलेल्या बॅटरीवर तसाच राहिला तर तासाला साडेबारा लिटर. ४०० लिटरच्या डिकीत हवेच्या चार टक्के म्हणजे १६ लिटर, आणि हायड्रोजन पेटायला चार टक्के पुरतात. सव्वा तास! खरी डिकी इतकी हवाबंद नसते आणि गाडी रोज इतका करंट ढकलत नाही, हे खरं. पण वायू हलका, आधी झाकणाखाली साठतो, आणि पेटायला टर्मिनलवर पान्हा घासल्याची ठिणगी पुरेशी होते. जंपस्टार्टसाठी या गाड्यांना बॉनेटखाली वेगळं टोक का दिलंय, आणि शेवटचा काळा चिमटा बॅटरीपासून दूर उघड्या लोखंडाला का लावायचा, हे मला तेव्हा समजलं. तोवर ते मी पाठ केलेलं होतं.

मामांनी डिकी आणि चारही दरवाजे सताड उघडून ठेवले, बराच वेळ कशाला हात लावू दिला नाही. मग आधी निगेटिव्ह सोडली. योग्य जातीची बॅटरी मागवून घेतली, तोवर गाडी दुकानातच ठेवली. शेठ घाई करत होते. मामा हटले नाहीत. नवी बसवल्यावर नळी फुंकून मोकळी असल्याची खात्री केली, कारण आमच्या भागातली धूळ आणि गांधीलमाशीचं घर दोन्ही अशा नळीत सहज बसतात.

मोठ्या बॅटरीनं माझा आणखी गोंधळ उडवला. मागच्या सीटजवळ एक जाळी होती. मी विचारलं, "मामा, हिचा वायू इथून येतो का?" उलट आहे. त्या जाळीतून केबिनमधली थंड हवा बॅटरीकडं ओढली जाते. वायूची वाट निराळी: निकेलच्या प्रत्येक संचाला झडप असते आणि त्या सगळ्या मिळून एका नळीनं गाडीबाहेर उघडतात. संगणक ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही, म्हणून ती झडप सहसा उघडतच नाही. पण जाळीवर बियाण्याची पोती टाकली, मे महिन्यातलं जालन्याचं ऊन, समृद्धी महामार्गावर तासन् तास गाडी, तर बॅटरी तापणारच. शेठच्या जाळीत खरंच कपाशीचे तंतू अडकले होते.

लिथियमच्या बॅटऱ्यांचं तर मला अजून धड उमजलेलं नाही. हायरायडर, ग्रँड व्हिटारासारख्या नव्या हायब्रिडमध्ये त्या असतात. तिथं नेहमीचा वायू सुटत नाही. सेल बिघडून तापला तरच सुटतो, आणि मग त्या पांढऱ्या धुरात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन फ्लोराइड असं सगळं असतं. तिथं आपण काही उघडायचं नाही. माणसं उतरवायची, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब न्यायची आणि ११२ ला फोन करायचा. शेजारच्या जिल्ह्यात बिडकीनला टोयोटाचा हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना येण्याचा करार जुलै २०२४ मध्ये झालाय. या गाड्या आमच्या दारात वाढतच जाणार, आणि हे शिकवणारं गॅरेजांच्या ओळीत मला तरी अजून कुणी भेटलेलं नाही.

शेठ गेल्यावर मी मामांना आमच्या चार्जिंगच्या खोलीत नेलं. रांगेनं बॅटऱ्या लावलेल्या, खिडकी खाली, वर छताशी कोंदलेलं. मी म्हटलं, वायू वर जातो तर भोक वर पाहिजे. दुसऱ्याच दिवशी मामांनी गवंडी बोलावला. छतालगत दोन झरोके पाडले, आणि चार्जरचं बटण खोलीच्या बाहेर काढून घेतलं.