न परवडणारे पत्र

आमचे शिरढोण हे क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे गाव. इंग्रजांशी झगडून 1883 साली एडनच्या कैदेत प्राण सोडणाऱ्या या वीराचे तिकीट टपाल खात्याने 1984 साली काढले. मौज अशी की, ज्यांच्याविरुद्ध ते लढले त्यांनीच घालून दिलेले हे खाते आपण स्वराज्यात नुसते ठेवले नाही, तर खेडोपाडी पोहोचवले.

यंदा गणपतीला आलेला माझा भाचा मात्र म्हणाला, “मामा, आता पत्रे लिहितो कोण? डेन्मार्कच्या पोस्टाने 2025 च्या अखेरीस पत्रे वाटणेच बंद केले. हा पांढरा हत्ती आपणच कशाला पोसायचा? येऊ द्या की कंपन्यांना!”

मी म्हटले, “अरे, तू धाडलेले पार्सल घेऊन कंपनीचा पोरगा आला, तो हमरस्त्यावरच थांबला. ‘काका, इकडे येऊन घेऊन जा, आत यायला परवडत नाही,’ असा त्याचा फोन! आपला पोस्टमन दारात येतो.”

त्या पोराला मी दोष देत नाही. परवडेल तेथे जायचे, हा धंद्याचा धर्म. टपालाचा धर्म निराळा. कार्ड पनवेलला धाडा की गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर, दर एकच. शहरातल्या टपालावर जे सुटते त्यातून आडगावचा तोटा थोडाफार भरून निघतो. बाकीचा सरकार सोसते. शहरातली मलई दुसऱ्यांनी नेली, की हा तोटा तेवढा पोस्टाच्या पदरात उरतो.

1946 साली टपाल कामगारांनी मोठा संप केला, तो पगारासाठी. आता देशोदेशींच्या त्यांच्या संघटना व्यापारी करारांविषयी बोलतात, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण त्याला कारण आहे. 1995 पासून सेवांच्या व्यापाराचाही जागतिक करार आहे. त्यात सरकारी सेवांना सूट आहे. मात्र ती सेवा धंदेवाईक नसावी आणि तिला कोणी स्पर्धक नसावा, अशी अट आहे. पोस्ट तर तिकिटे विकते, आणि कुरियरवाले गल्लोगल्ली आहेत! मग सूट उरली कोठे?

कॅनडात हे घडले. यूपीएस या अमेरिकन कंपनीने उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराखाली कॅनडा सरकारवर दावा लावला. सरकारी टपालाच्या जाळ्याचा लाभ कॅनडा पोस्ट आपल्या पार्सलांच्या धंद्याला देते, अशी तक्रार होती. टपाल कामगारांच्या संघटनेने आपल्याला पक्षकार करून घ्या म्हटले. लवादाने नकार दिला. 2007 साली कंपनी हरली खरी, पण ज्यांच्या पोटाचा प्रश्न, त्यांना त्या खटल्यात पक्षकाराची जागा नव्हती.

आपल्याकडे 1898 च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा एकाधिकार टपाल खात्याला होता. 2023 च्या नव्या कायद्यात तो उरला नाही. हे आपण आपल्या हाताने केले. चुकले असे वाटले तर संसद ते बदलू शकते. करारात लिहून दिलेले मात्र असे पुसता येत नाही. मागे यायचे तर परक्या देशांशी बोलणी आणि भरपाई. शिवाय असा करार करायला संसदेची मंजुरी लागतच नाही!

संघटनांचे सगळेच मला पटते असे नाही. खिडकीवरचा ‘उद्या या’ मीही ऐकला आहे. पण सहीपूर्वी मसुदा लोकांपुढे ठेवा, हे त्यांचे म्हणणे रास्त वाटते.

भाचा म्हणाला, “बरं मामा, पुढचे पार्सल पोस्टाने पाठवीन.”

“पाठव,” मी म्हटले, “आणि तुमच्या खासदारांना एक कार्डही टाक.”