दिवस आणि घटका

आमच्या घरी पुढच्या आठवड्याचा बेतसुद्धा 'प्रभूची इच्छा असेल तर' असं म्हटल्याशिवाय ठरत नसे. बाबांच्या पत्रांत ते असायचं, आणि दूधवाल्याला "उद्या एक लिटर जास्त टाक" असं सांगतानाही असायचं. दूधवाला माळकरी. तोही सवयीनं "बरं, त्याची इच्छा" म्हणून सायकलवर बसायचा. नगरच्या प्रॉटेस्टंट घरांत याचं कुणाला विशेष वाटत नाही. प्रभू येशू पुन्हा येणार आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करणार, हे आम्ही मतांगीकारात उभं राहून म्हणतो. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक वाचून दाखवतात तेही 'तो येईपर्यंत' असंच. कधी येणार, याबद्दल मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात आडपडदा नाही. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही.

एवढं स्पष्ट असूनही माणसाला चैन पडत नाही. मी शाळेत असताना उन्हाळ्यात संजीवन सभा, म्हणजे श्रद्धा जागवण्याच्या सभा, होत. एका वर्षी आलेल्या उपदेशकांनी मोठा कापडी तक्ता टांगला होता. दानीएलाच्या पुस्तकातला पुतळा, प्रकटीकरणातले सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, आणि कोपऱ्यात लाल रंगात 666. विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातील, शेतातल्या दोघांपैकी एक घेतला जाईल, दुसरा राहील, असं ते छडी टेकवून सांगत होते. पुढं काही दिवसांनी मी शाळेतून आले तर घर उघडं, स्टोव्हवर डाळ शिजतेय आणि आईचा पत्ता नाही. मी धावत गल्लीच्या टोकाला गेले. पाळकबाई अंगणात सांडगे घालत होत्या. त्या इथंच आहेत म्हणजे अजून काही झालेलं नाही, असा हिशेब करून मी परत आले. आई शेजारी विरजण मागायला गेली होती.

रात्री बाबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, "जे पुत्राला ठाऊक नाही, ते या गृहस्थांना तक्त्यावर कसं सापडलं?" बाबा मिशन शाळेत गणित शिकवायचे. हिशेबाची त्यांना आवड होती, पण याच एका हिशेबाची चीड होती.

1993 साली गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, 30 सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमाराला, किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या चर्चच्या मंडळीनं जुने कपडे, घोंगड्या, भांडी आणि धान्य गोळा केलं. ट्रकबरोबर गेलेल्यांत मीही होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचं माळवद, अशी तिथली घरं. भिंत सुटली की वरचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. आम्ही तिथं मुख्यतः भांडी वाटली. मेलेल्यांबद्दल कुणी बोलायला लागलं की ऐकत बसायचो. त्यापलीकडं काही करता येण्यासारखं नव्हतं.

परतल्यावर एका सभेत हा भूकंप शेवटच्या दिवसांचं चिन्ह म्हणून सांगितला गेला. बोलणाऱ्याच्या आवाजात थोडा आनंद होता असं मला वाटलं, आणि ते मी अजून विसरलेले नाही. त्याच चोविसाव्या अध्यायात भूकंपांचा उल्लेख आहे, पण घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, हेही तिथंच आहे. तेवढं वाचायचं राहून जातं.

तारखेच्या नादानं माणूस कसा होतो, ते मी घरातच पाहिलं. 2011 साली माझा पुण्यातला मावसभाऊ इंटरनेटवर अमेरिकेतल्या फॅमिली रेडिओची भाषणं ऐकायचा. तिथल्या हॅरल्ड कॅम्पिंग यांनी प्रभूच्या येण्याची 21 मे ही तारीख दिली होती. प्रत्येक देशात तिथल्या संध्याकाळी सहा वाजता धरणीकंप सुरू होणार होता. भावानं विम्याचा हप्ता थांबवला, मुलीच्या क्लासची फी भरली नाही. वहिनी फोनवर रडायची. मी त्याला पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवनाचा केवढा लोट आला होता! त्या काळातही बाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम घेऊन बसल्या, आणि 1922 साली वारल्या तोपर्यंत त्यातच खपत होत्या. पुस्तक निघालं 1924 मध्ये. प्रभू येणार हे मानणाऱ्या बाईनं वर्षानुवर्षांचं काम अंगावर घेतलं. भाऊ म्हणाला, "तेव्हा तारीख माहीत नव्हती."

त्या शनिवारी न्यूझीलंडमध्ये सहा वाजले तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा झाले होते. म्हणजे जेवणाच्या आधीच त्याला कळून चुकलं असणार. रविवारी तो एसटीनं नगरला आला. बाबांनी काही विचारलं नाही. त्याला बरोबर घेऊन लवकर चर्चमध्ये गेले आणि गीतपुस्तकं वाटायला लावली. कॅम्पिंग यांनी मग 21 ऑक्टोबर सांगितला. तोही गेला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी चूक कबूल केली. अमेरिकेत 1844 साली विल्यम मिलरच्या अनुयायांचंही असंच झालं होतं. त्यातूनच पुढं उभ्या राहिलेल्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीनं तारीख सांगणं सोडलं. भावानं विम्याचा हप्ता दंडासह भरला.

बाबा गेले ते दुपारी, वर्तमानपत्र वाचताना. ते मंडळीचे खजिनदार होते. रोकडवही मागच्या रविवारपर्यंत जुळवलेली, दानपेटीच्या किल्लीला चिठ्ठी बांधलेली. किराणावाल्याची उधारी मात्र राहिली होती. ती आईला तेराशे रुपयांना पडली आणि त्यावरून ती त्यांच्यावर बराच काळ चिडून होती.

आता मी संडे स्कूल घेते. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांत, दहा कुमारींचा दाखला हटकून येतो. पाच शहाण्या, पाच मूर्ख, वराला उशीर, मध्यरात्री हाक, आणि पाच जणींच्या दिव्यांत तेल नाही. माझ्या लहानपणी सगळा भर जागं राहण्यावर असायचा. शिकवायला लागल्यावर ध्यानात आलं की त्या दहाही जणी झोपल्या होत्या. शहाण्यासुद्धा. आणि त्याच पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी न्यायाच्या वेळी ज्यांना उजवीकडे ठेवलं, त्यांना आपण कधी प्रभूला खाऊ घातलं, कधी पाणी दिलं, ते आठवतच नाही. हे वाचताना मला आधी बाबा आठवतात, आणि लगेच ती उधारीही.

गेल्या वर्षी आम्ही याच दाखल्याचं नाटुकलं बसवलं. शहाण्यांनी तेल वाटून का घेतलं नाही, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि माझं उत्तर दरवर्षी लंगडं पडतं. त्या वेळी नवीनच निघालं. तेलाच्या दुकानदाराचं काम केलेला चौथीतला मुलगा म्हणाला, "बाई, मध्यरात्री मी दुकान उघडलं. सगळे झोपले होते, मी एकटा जागा. मग मला लग्नाला का बोलावलं नाही?"

मुलांनी लगेच त्याची बाजू घेतली. मूर्ख झालेल्या पाच जणींचं म्हणणं पडलं, तो आत जाणार असेल तर आम्ही त्याच्याबरोबर जाऊ. त्यावरून तालीम अर्धा तास थांबली.